बोरच्या जंगलाचे वेळापत्रक पाणी ठरवते

फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्ध्याच्या बोर व्याघ्र प्रकल्पातला साग निष्पर्ण होऊ लागतो. जंगल वाळल्यासारखे दिसते, पण झाडे जिवंत असतात. पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडते. जमिनीतली ओल कमी झाली की पाने टाकून झाड पाण्याची ही गळती थांबवते. याच दिवसांत पळस फुलतो, पाठोपाठ मोहाची फुले पडू लागतात. ती माणसाला हवी असतात आणि अस्वलालाही. त्यामुळे मोह वेचायला अंधारात, एकट्याने जाणे जिवावर बेतू शकते.

मे महिन्यात नाले आटतात. मग चितळ, सांबर, रोही उरलेल्या पाणवठ्यांकडे आणि बोर धरणाच्या जलाशयाकडे वळतात. त्यांच्यामागे वाघ, बिबट्या आणि रानकुत्री येतात. वाघ तर अंग थंड ठेवण्यासाठी तासन्‌तास पाण्यात बसतो.

पावसाळ्यात चित्र पालटते. पाणी आणि कोवळा चारा सगळीकडे मिळू लागल्याने प्राणी पांगतात. गाभा क्षेत्रातील पर्यटन या काळात बंद असते. हिवाळ्यात जलाशयावर स्थलांतरित पक्षी उतरतात. जंगलातले गवत वाळत असताना बाहेरच्या शेतांत मात्र तूर, हरभरा हिरवा असतो. रोही आणि रानडुकरे तिकडे वळतात आणि शेतकऱ्याची रात्र जागलीत जाते.

१९७० मध्ये अभयारण्य झालेल्या बोरला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. गाभा क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर आहे. एवढ्या जागेत मोजकेच वाघ मावतात. आईपासून वेगळे झालेले तरुण वाघ नवा मुलूख शोधत बाहेर पडतात. पेंच, मेळघाट, ताडोबा यांच्या मधोमध असल्याने बोर हा त्यांच्या प्रवासातला विसावा ठरतो. मात्र वाटेत शेते, गावे आणि महामार्ग आहेत. बोर परिसरातला ‘बाजीराव’ हा वाघ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर वाहनाच्या धडकेत मेला.

म्हणूनच बोरचे रक्षण गाभा क्षेत्राच्या सीमेवर संपत नाही. नाल्याकाठची झाडी टिकवणे, महामार्गाखालून प्राण्यांसाठी वाट ठेवणे आणि जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर रात्री वाहनाचा वेग कमी करणे हाही त्याच कामाचा भाग आहे.