गादी छत्रपतींची, लगाम कंपनीचा

भाईंदरच्या गोडदेवहून उत्तरेकडे खाडी ओलांडली की वसई. ३१ डिसेंबर १८०२ रोजी इथेच पेशवे दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. यशवंतराव होळकरांकडून हडपसरला मार खाऊन ते इथे आश्रयाला आले होते. कंपनीने त्यांना पुण्याची गादी परत मिळवून दिली. मोबदल्यात तैनाती फौज आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख पदरात पाडून घेतला. परराज्यांशी बोलणी कंपनीच्या सल्ल्यानेच करायची, हेही ठरले.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. मात्र जिंकलेला सगळा मुलूख एकदम ताब्यात ठेवला तर मराठा सरदार बिथरतील, हे कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टनने ओळखले. त्याने पेशव्यांच्या नजरकैदेतून सुटलेल्या प्रतापसिंह छत्रपतींना साताऱ्याचे राज्य दिले. लोकांना आपला राजा मिळाला आणि कंपनीला शांतता.

खरी सत्ता होती २५ सप्टेंबर १८१९ च्या तहात. नीरा ते वारणा हा मुलूख छत्रपतींचा. पण कंपनीच्या संमतीशिवाय फौज वाढवायची नाही, बाहेरच्या कोणत्याही राजाशी वा सरदाराशी पत्रव्यवहार करायचा नाही. १८२२ पर्यंत कारभारही कंपनीचे अधिकारी कॅप्टन ग्रँट यांच्याच हाती होता. पुढे प्रतापसिंहांनी रस्ते बांधले, शाळा काढली, राज्य नेटके चालवले. तरीही गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला धाडले. त्यांचे वकील रंगो बापूजींनी लंडनमध्ये अनेक वर्षे दाद मागितली, व्यर्थ. गादीवर बसवलेले भाऊ शहाजी १८४८ मध्ये वारले, तेव्हा गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नाकारून राज्यच खालसा केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेनेही जपानचा सम्राट गादीवर ठेवला आणि आपले सेनापती मॅकआर्थर यांच्या देखरेखीखाली नवी राज्यघटना आणली. ती ३ मे १९४७ ला लागू झाली. पण २८ एप्रिल १९५२ ला जपानचे सार्वभौमत्व परत मिळाले. अमेरिकी तळ राहिले, तरी सरकार निवडण्याचा हक्क जपानी मतदारांकडेच होता. साताऱ्याच्या तहात सुटकेची तारीखच नव्हती.

म्हणून युद्धानंतर कुठे नवे सरकार बसले, की गादीवर कोण आहे एवढेच पाहू नये. फौज कोणाच्या हुकमात आहे, परराष्ट्रांशी कोण बोलते आणि जेता कधी निघणार, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे त्या देशाच्या लोकांच्या हाती नसतील, तर ते राज्य त्यांचे नव्हे.