वादळात पडलेली झाडे सावडीने कशी काढावीत?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि घाट ओलांडून पुणे जिल्ह्यातही मोठे नुकसान करून गेले. पवनाकाठच्या पुनावळ्यासारख्या गावांत बांधावरचे झाड कधी पडेल याचा नेम नसतो. वादळातून वाचलेला माणूस नंतर झाड तोडताना जायबंदी होऊ नये, म्हणून पुढील काळजी घ्यावी.

तोडणीपूर्वी

झाडाखाली वा फांद्यांत विजेची तार अडकली असल्यास जवळ जाऊ नये. १९१२ या क्रमांकावर कळवावे व पुरवठा बंद झाल्याची खात्री करावी. नुकसानीचे फोटो काढून ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे तलाठी) पंचनामा करून घ्यावा. आंबा, चिंच, जांभूळ, साग ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. पुनावळे १९९७ पासून पिंपरी-चिंचवड महापालिकेत असल्याने तेथे १९७५ चा शहरी वृक्ष अधिनियम लागू होतो. म्हणून तोडणी व लाकूड वाहतुकीपूर्वी संबंधित कार्यालयात विचारणा करावी.

एकट्याने काम करू नये

शेजाऱ्याशी सावड करावी. आज त्याचे झाड, उद्या तुमचे. एकाने कापावे, दुसऱ्याने चार-पाच मीटर दूर उभे राहून झाडावर लक्ष ठेवावे. यंत्रकरवतीच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून हाताच्या खुणा आधीच ठरवाव्यात. "थांब" ही खूण दिसताच यंत्र बंद करावे. ढोलीत व फांद्यांच्या ढिगात साप-विंचू असतात. हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे.

ताण ओळखून कापावे

प्रथम लहान फांद्या काढाव्यात. त्या वेळी खोड आपल्या व फांदीच्या मध्ये असावे. उतारावर असल्यास नेहमी वरच्या बाजूस उभे राहावे. वाकून दबलेली फांदी धनुष्यासारखी उसळते. तिच्या उसळण्याच्या रेषेत उभे राहू नये.

खोड दोन्ही टोकांना टेकलेले असेल, तर वरची बाजू दाबलेली व खालची ताणलेली असते. वरून सुमारे एक तृतीयांश कापून पाचर ठोकावी, मग खालून वर कापत यावे. एकच टोक टेकलेले व दुसरे अधांतरी असेल, तर उलट करावे : आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. हा क्रम चुकल्यास करवत अडकते किंवा खोड फाटते.

मुळासकट उपटलेल्या झाडाचे खोड कापताच मुळांचा गड्डा मातीसह परत खड्ड्यात बसतो. त्यामुळे खड्ड्यात वा गड्ड्यामागे कोणालाही, विशेषतः मुलांना, उभे राहू देऊ नये. दुसऱ्या झाडावर अडकलेल्या झाडाखाली जाऊ नये. ते लांब दोराने ट्रॅक्टर लावून दुरून ओढावे.

जगणारे झाड जगवावे

लहान कलम केवळ कलले असेल व काही मुळे जमिनीत असतील, तर माती ओली असतानाच हळू उभे करून बांबूचा आधार द्यावा व फांद्या हलक्या छाटाव्यात. कापलेल्या जागी बोर्डो मलम (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी) लावावे. पालापाचोळा न जाळता फळझाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरावा.

लाकूड आठ दिवस उशिरा निघाले तरी चालेल. घाई करून घरचा माणूस गमावू नये.