धुक्यांतील मोटार

करमाळा तालुक्यांतील केम हें गांव कुंकवासाठीं महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. तेथील हिवाळ्यांत बर्फ पडत नाहीं. तथापि थंडीच्या एखाद्या पहाटे सडकेवर धुकें उतरतें, आणि कुर्डूवाडीस आगगाडी गांठण्यासाठीं निघालेल्या कुटुंबाची मोटार त्यांत सांपडते.

रात्र निरभ्र व वारा पडलेला असला म्हणजे जमीन लवकर निवते. तिच्या लगतची ओलसर हवाही थंड होते व तींतील बाष्पाचे सूक्ष्म जलकण बनतात. तेंच धुकें. नदीकांठीं, जलाशयाजवळ व ओलिताच्या मळ्यांत तें अधिक दाट असतें.

नेमका याच दिवसांत ऊंसाच्या गळिताचा हंगाम असतो. भरलेल्या ट्रॉल्या व बैलगाड्या रात्रभर वाटेवर असतात, आणि कित्येकींच्या मागें दिवा तर नाहींच, पण तांबडी चकाकती पट्टीही नसते.

येथें थोडें गणित करून पाहावें. ताशीं ६० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदास सुमारें १७ मीटर जाते. अडथळा दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंतच एवढें अंतर सरतें. पुढें थांबावयास कोरड्या सडकेवरही आणखी २० मीटर तरी लागतात. धुक्यांत दृष्टि ३० मीटरच पोंचत असेल, तर ट्रॉली दिसतांच टक्कर ठरलेली! वेग ३० वर आणल्यास मात्र तीच मोटार सुमारें १४ मीटरांत उभी राहते. दंवानें सडक ओली असेल तर हीं अंतरें वाढतात.

दिव्यांचा झोत खालींच ठेवावा. वरचा प्रखर झोत जलकणांवरून उलटून डोळ्यांवर येतो. कांचेला आंतून वाफ धरल्यास खिडकी किंचित् उघडावी. थांबणें भागच पडलें तर गाडी सडकेच्या पूर्ण बाहेर घ्यावी व इशाऱ्याचे दिवे लावावे. ट्रॉलीवाल्यांनींही मागें चकाकती पट्टी लावण्याचा आळस करूं नये.

धुक्यांत सिग्नल दिसेनासा झाला म्हणजे त्याच्या अलीकडे रुळांवर इशाऱ्याचे फटाके ठेवण्याची रेल्वेची जुनी रीत आहे. चाक वर येतांच आवाज होतो व ड्रायव्हर सावध होतो. सडकेवर असे फटाके कोणी ठेवीत नाहीं. तेथें मोटार हांकणाऱ्यानेंच नियम पाळावयाचा, तो असा, कीं जेवढी वाट दिसते तेवढ्यांत थांबतां येईल इतकाच वेग ठेवावा. एक आगगाडी चुकली तरी दुसरी मिळते.