विंग्ज गेमिंगचे पाच खेळाडू

ऑगस्ट २०१६, सिएटल. ‘डोटा २’ या व्हिडिओ गेमची सर्वांत मोठी स्पर्धा, ‘द इंटरनॅशनल’. बक्षिसांची एकूण रक्कम २ कोटी डॉलरच्या वर. विंग्ज गेमिंग हा चिनी संघ थेट निमंत्रणावर नव्हे, पात्रता फेरी खेळून तिथे पोहोचला होता. अंतिम सामन्यात त्यांनी डिजिटल केऑसला ३-१ असं हरवलं!

पाच जणांच्या खेळातल्या भूमिका अशा: शॅडो कॅरी, ब्लिंक मिडला, फेथ बियान ऑफलेनला, आणि आइसआइस व वाय हे दोघं सपोर्ट.

मला हा संघ आवडतो तो त्यांच्या ड्राफ्टसाठी. सामन्याआधी दोन्ही संघ आळीपाळीने हिरो, म्हणजे खेळातली पात्रं, निवडतात आणि काहींवर बंदी घालतात. बहुतेक संघांचे हिरो ठरलेले असतात, त्यामुळे नेमक्या त्याच हिरोंवर बंदी घातली की त्यांचा डाव अडतो. विंग्जला असं अडवणं फार कठीण होतं. पाचही जणांचा इतक्या वेगवेगळ्या हिरोंवर हात बसलेला होता, की बंदी घालायची तरी कशावर? मोठ्या सामन्यात ज्याला सहसा कुणी हात लावत नसे, तो टेकीज हा हिरोसुद्धा त्यांनी मैदानात उतरवला. असा निर्भय ड्राफ्ट मी नंतर क्वचितच पाहिला.

२०१७ मध्ये संघ फुटला. फेथ बियान आणि वाय मात्र २०२१ मध्ये पीएसजी.एलजीडी या संघाकडून बुखारेस्टला ‘द इंटरनॅशनल’च्या अंतिम फेरीत पुन्हा उतरले. टीम स्पिरिटने त्यांना ३-२ असं हरवलं. तो सामनाही जरूर बघा, पण सुरुवात २०१६ पासूनच करा.