डबीवरचा भरवसा

अमेरिकेतल्या नाणेबाजारात एकेकाळी नाण्याची प्रत विक्रेताच ठरवी. विल्यम शेल्डन यांनी १९४९मध्ये जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली आणि पुढे ती सगळ्याच नाण्यांना लागली. तरी दुकानदार विकताना ६५ म्हणे, तेच नाणं परत घेताना ६३. फेब्रुवारी १९८६मध्ये ‘पीसीजीएस’ या कंपनीने त्रयस्थ म्हणून प्रत ठरवून नाणं प्लॅस्टिकच्या पारदर्शक डबीत, लेबलासकट, कायमचं बंद करायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी तिची स्पर्धक ‘एनजीसी’ आली.

एका गुणाने किंमत कधीकधी कितीतरी पटींनी वाढते, म्हणून लबाडीचा रोख नाण्यावरून डबीकडे वळला. सांध्यात पातळ पातं घालून डबी उघडायची, हलक्या प्रतीचं नाणं बसवायचं, पुन्हा चिकटवायची. खुणा राहतात. ताणलेलं प्लॅस्टिक पांढुरकं पडतं, कडेला टवके उडतात, अल्ट्रासॉनिक जोडाच्या जागी गोंदाचे बुडबुडे दिसतात. भिंगाखाली डबी तिरपी धरली तर बहुतेक वेळा चोरी उघडी पडते.

२००८च्या सुमारास मात्र अख्ख्या डब्याच बनावट निघू लागल्या. त्यांच्या लेबलांवरचे क्रमांक खऱ्या नाण्यांचे, त्यामुळे कंपनीकडची नोंद तपासली तरी सगळं जुळे! उतारा निघाला तो छायाचित्रांचा: नोंदीतल्या फोटोतला ओरखडा हातातल्या नाण्यावर आहे का, हे पाहता येऊ लागलं. २०२०पासून पीसीजीएसच्या काही डब्यांत मोबाइलने वाचता येणारी एनएफसी चिपही येते. ती डबीची साक्ष देते; आतलं नाणं कोणी बदललं असेल, तर ते तिला कसं कळणार?

मुंबईच्या लिलावांतही आता व्हिक्टोरियाचे रुपये अशा डब्यांतून येतात. सुटा रुपया काट्यावर ठेवून ११.६६ ग्रॅम भरतो का पाहता येतं, वाजवून नाद ऐकता येतो. डबीने हे दोन्ही काढून घेतलं, हे मला तिचं सर्वांत मोठं वैगुण्य वाटतं.

गंमत म्हणजे सर्वांत जुन्या डब्यांनाच आज जास्त मागणी आहे. पीसीजीएसच्या सुरुवातीच्या, नाणं आत खुळखुळणाऱ्या डबीला शौकीन वर पैसे मोजतात. त्या काळी प्रत कडक लावत, असा त्यांचा समज. आणि नेमक्या त्याच डब्यांतल्या बहुतेक नाण्यांचे फोटो नोंदीत नाहीत.