कुष्ठरोग: औषध सरकारी केंद्रात, आधार सेवाभावी संस्थेत

पाठीवर, दंडावर किंवा चेहऱ्यावर फिकट वा लालसर चट्टा येतो. तो खाजत नाही, दुखत नाही, म्हणून महिनोन्‌महिने कोणी लक्ष देत नाही. पुढे निदान कुष्ठरोगाचे झाले, की वर्धा जिल्ह्यात घरचे लोक हमखास विचारतात, ‘डॉक्टर, यांना आता दत्तपूरला ठेवावे लागेल का?’

नाही. उपचार घरी राहूनच होतो आणि औषध गावाजवळच्या सरकारी केंद्रात मोफत मिळते. मग दत्तपूरसारख्या संस्था कशासाठी आहेत? कोणते काम कोणाकडे आहे हे माहीत असेल, तर तुमचा वेळ वाचेल आणि कदाचित रुग्णाची बोटेही.

संस्था आणि सरकार एकत्र कसे आले?

आपल्या देशात कुष्ठरुग्णांची सेवा बराच काळ धर्मादाय आणि धार्मिक संस्थांनीच सांभाळली. अनेक ठिकाणी ख्रिस्ती मिशनऱ्यांनी रुग्णालये काढली. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात कोठारा येथे लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे. वर्ध्यात हे काम गांधी-विनोबांच्या सेवाविचारातून उभे राहिले. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्राम आश्रमात गांधीजींनी स्वतः परचुरे शास्त्रींची शुश्रूषा केली.

तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. आसरा आणि जखमांची निगा, एवढेच देता येत होते. डॅप्सोनच्या गोळ्या आल्यावर रुग्णाला गावापासून दूर ठेवण्याचे कारण उरले नाही. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. डॉ. वर्देकर यांच्या नेतृत्वाखाली प्रतिष्ठानने सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ही पद्धत रुजवली: कार्यकर्ते घरोघर जाऊन तपासणी करत, लोकांना रोग समजावून सांगत आणि गावातच औषध देत. १९५५ मध्ये सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हीच पद्धत त्याचा पाया ठरली.

१९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. देशात हा उपचार ज्या जिल्ह्यांत आधी सुरू झाला, त्यांत वर्धा होता. पुढे ही सेवा सर्वसाधारण आरोग्य केंद्रांत आली.

आज कुठे काय मिळते?

- आशाताई आणि उपकेंद्र: संशयित चट्टा पाहून पुढे पाठवणे, औषध सुरू असताना पाठपुरावा.
- प्राथमिक आरोग्य केंद्र: तपासणी, निदान आणि मोफत गोळ्यांची पाकिटे.
- जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय: निदानात शंका असेल किंवा गुंतागुंत झाली असेल तर तज्ज्ञांचा सल्ला. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ मध्ये सुरू झाले. ते कस्तुरबा हेल्थ सोसायटी चालवते. खर्चातला निम्मा वाटा केंद्राचा, पाव राज्याचा आणि पाव सोसायटीचा, अशी तिथली रचना आहे.
- सेवाभावी संस्था: जुन्या जखमांची निगा, पुनर्वसन आणि ज्यांना घर उरलेले नाही त्यांना आधार.

वाकडी झालेली बोटे सरळ करण्याची शस्त्रक्रिया मान्यताप्राप्त केंद्रांत होते. बुडालेल्या मजुरीसाठी सरकार ठरावीक रक्कमही देते. त्याची चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्रातच करा. संस्थेत जाण्याआधी कोणती सेवा मोफत आहे तेही विचारून घ्या.

उपचार कसा असतो?

रोगाच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने औषध घ्यावे लागते. महिन्यातून एकदा केंद्रात कर्मचाऱ्यासमोर गोळ्या घ्यायच्या, बाकीच्या रोज घरी. रिफॅम्पिसिनमुळे त्या दिवशी लघवी लालसर होते. क्लोफॅझिमिनमुळे त्वचा काळपट दिसू शकते. औषध थांबल्यावर रंग हळूहळू पूर्ववत होतो. त्याला घाबरून गोळ्या बंद करू नका. उपचार सुरू झाल्यावर संसर्ग पसरण्याचा धोका लवकरच जवळजवळ संपतो, त्यामुळे वेगळी खोली किंवा वेगळी भांडी लागत नाहीत.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. औषध जंतू मारते, पण फार उशीर झाला असेल तर गेलेली संवेदना परत आणू शकत नाही. बधिर पायाला काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते. अशा रुग्णांनी रोज तळवे तपासावेत, पाय पाण्यात भिजवून तेल लावावे, एमसीआर चप्पल वापरावी आणि गरम भांडे फडक्याशिवाय धरू नये.

रुग्ण मधेच निसटू नये म्हणून

केंद्राने संस्थेत पाठवले आणि रुग्ण तिथे पोचलाच नाही, किंवा संस्थेतून घरी आला आणि केंद्राला कळलेच नाही, असे होऊ शकते. म्हणून उपचारपत्रिका आणि संदर्भ चिठ्ठी जपून ठेवा आणि दोन्हीकडे दाखवा. कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात जाणार असाल तर आधी केंद्रात सांगा. औषध तिथेही मिळते.

घरातल्या सर्वांची तपासणी करून घ्या. पात्र व्यक्तींना प्रतिबंधासाठी रिफॅम्पिसिनचा एक डोस दिला जातो.

ताबडतोब डॉक्टरांकडे जा, जर

- चट्टे अचानक लाल होऊन सुजले, अंगावर दुखऱ्या गाठी आल्या किंवा ताप आला
- हाताची पकड किंवा पायाची ताकद कमी झाली
- डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा नीट मिटेना

ही ‘रिअॅक्शन’ असू शकते आणि ती औषध संपल्यानंतरही येऊ शकते. लवकर उपचार झाले तर नस वाचते.

२०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहिले नाही. घरातल्या माणसाला दूर ठेवण्याचे कारण वैद्यकशास्त्रातही नाही. चट्टा लपवू नका, या आठवड्यातच केंद्रात दाखवा.