आठ कोटींचं विमान, ऐंशी कोटींचं बिल

14 जून 2025 च्या रात्री ब्रिटनचं एक एफ-35बी लढाऊ विमान तिरुअनंतपुरमच्या विमानतळावर उतरलं. हवा बिघडल्यामुळे त्याला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या विमानवाहू जहाजावर परतता आलं नव्हतं आणि इंधनही कमी होत चाललं होतं. उतरल्यावर हायड्रॉलिक यंत्रणेत बिघाड निघाला. जगातल्या सर्वांत महागड्या शस्त्रप्रकल्पातलं ते विमान मग केरळच्या भर पावसात उघड्यावर उभं राहिलं, भोवती सीआयएसएफच्या जवानांचा पहारा. 6 जुलैला ब्रिटनहून तंत्रज्ञांची तुकडी आली, विमान हँगरमध्ये ओढून नेलं, आणि 22 जुलैला ते एकदाचं उडालं. 38 दिवस! समाजमाध्यमांवर त्याची भरपूर थट्टा झाली. मला तो धडा वाटतो. लढाऊ विमानावरचा बहुतेक पैसा ते जमिनीवर असताना खर्च होतो, आणि आपण मात्र चर्चा करतो ती फक्त खरेदीच्या किमतीची.

एफ-35ए या मूळ प्रकाराची किंमत साधारण 8 कोटी डॉलर. डॉलरला 85 रुपये धरले तर सुमारे 700 कोटी रुपये. हा आकडाच छाती दडपून टाकणारा आहे, पण खरं बिल इथून पुढे सुरू होतं. अमेरिकेला अशी सुमारे 2,470 विमानं घ्यायची आहेत. संशोधन, खरेदी आणि 2088 पर्यंतची देखभाल असं सगळं मिळून अमेरिकी सरकारच्याच लेखापरीक्षकांचा अंदाज 2 लाख कोटी डॉलरच्या पुढे गेला आहे. त्यातली नुसती देखभाल 2018 मध्ये 1.1 लाख कोटी डॉलरची धरली होती. 2023 मध्ये ती 1.58 लाख कोटींवर पोचली. एकूण रकमेला विमानांच्या संख्येने भागा. एका विमानाच्या वाट्याला 80 कोटी डॉलर येतात, म्हणजे किमतीच्या दहापट.

2 लाख कोटी डॉलर म्हणजे 170 लाख कोटी रुपये. महाराष्ट्राचा 2025-26 चा अर्थसंकल्प 7 लाख कोटींचा आहे. शाळा, रस्ते, धरणं, पोलिस, पगार, पेन्शन, सगळ्या योजना धरून अख्खं राज्य 24 वर्षं चालेल, एवढा पैसा एका विमानप्रकल्पात जाणार आहे. भारताचा त्याच वर्षीचा संरक्षण खर्च 6.81 लाख कोटींचा. तोही जवळपास 25 वर्षं भागेल.

हे विमान तासभर उडवायचं तर 30 हजार डॉलरच्या वर खर्च येतो. मिनिटाला 42 हजार रुपये! आणि एवढं करून ते हाताशी असतं का? मार्च 2023 मध्ये अमेरिकेच्या एफ-35 पैकी फक्त 55 टक्के विमानं ठरलेल्या कामांपैकी एखादं तरी करू शकण्याच्या अवस्थेत होती. दुरुस्तीच्या रांगेत 10 हजारांहून अधिक सुटे भाग पडून होते. शंभर विमानांचे पैसे मोजायचे आणि युद्धाच्या सकाळी पंचावन्न मोजायची. या हिशेबाने 8 कोटींचं विमान साडेचौदा कोटींना पडतं.

किमती एवढ्या का चढतात, याचं उत्तर नॉर्मन ऑगस्टीन या अभियंत्याने ऐंशीच्या दशकातच देऊन ठेवलं होतं. विमानांच्या किमती कशा चढत गेल्या याचा आलेख त्यांनी काढला आणि रेघ पुढे वाढवली. 2054 साली अमेरिकेच्या संपूर्ण संरक्षण खर्चात एकच विमान येईल, असा निष्कर्ष निघाला. हवाई दल आणि नौदल ते आठवड्यात साडेतीन-साडेतीन दिवस वापरतील, लीप वर्षातला जादा दिवस मरीनना मिळेल. पुढे हेच ऑगस्टीन एफ-35 बनवणाऱ्या लॉकहीड मार्टिनचे प्रमुख झाले.

त्यांची रेघ विनोदी वाटते, पण तिच्यामागचं यंत्र खरं आहे. 1945 मध्ये पी-51 मस्टँग 51 हजार डॉलरला पडायचं आणि अशी 15 हजारांहून जास्त विमानं बनली. एफ-22 साडेसातशे घ्यायची ठरली होती. कारखान्यातून हवाई दलाला मिळाली 187. बी-2 बॉम्बर 132 हवी होती, बनली 21, आणि संशोधनासकट एकेक 200 कोटी डॉलरच्या वर गेलं. संशोधनाचा खर्च थोड्या विमानांवर वाटला की प्रत्येकाची किंमत वाढते, किंमत वाढली की संख्या आणखी कापतात, आणि कापली की किंमत पुन्हा वाढते. दर फेरीला विमान जास्त हुशार होतं आणि ताफा लहान.

हुशारी खरी आहे, हे मान्य करायलाच हवं. एफ-35 चं हेल्मेट घ्या. ते वैमानिकाच्या डोक्याचं माप घेऊन बेततात आणि त्याची किंमत सुमारे 4 लाख डॉलर, म्हणजे तीन कोटी रुपयांच्या वर. विमानाच्या अंगावरच्या सहा कॅमेऱ्यांचं चित्र थेट त्याच्या काचेवर उमटतं. वैमानिकाने मान खाली घातली तर पायाखालचं विमान जणू नाहीसं होतं आणि जमीन दिसते. रडारवर हे विमान दिसतं फार उशिरा, ते स्वतः मात्र दुसऱ्याला फार लवकर पाहतं. जून 2025 मध्ये इस्रायलने इराणवर 12 दिवस हल्ले केले, त्यात एफ-35 आघाडीवर होती. दीड हजार किलोमीटर दूर, विमानभेदी क्षेपणास्त्रांनी भरलेल्या देशावर, आणि वैमानिक असलेलं एकही विमान पडलं नाही, असं इस्रायलने सांगितलं. बंद दार फोडण्याच्या या कामाला स्वस्त पर्याय नाही, आणि त्यासाठी मोजलेले पैसे मला वाया गेलेले वाटत नाहीत.

पण रोज दार फोडायचं नसतं. एफ-22 ने हवेत पाडलेली पहिली गोष्ट कुठली? फेब्रुवारी 2023 मध्ये, चीनचा एक फुगा. सप्टेंबर 2025 मध्ये रशियाचे वीसेक ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरले, तेव्हा ते पाडायला नेदरलँड्सची एफ-35 पाठवावी लागली. त्या ड्रोनपैकी बरेच प्लायवूड आणि फोमचे होते. अशा एका ड्रोनसाठी डागलेलं क्षेपणास्त्र त्याच्या कित्येक पट महाग असतं. त्याआधी जूनमध्ये युक्रेनने, त्यांच्या म्हणण्यानुसार 117 छोटे ड्रोन ट्रकमध्ये लपवून रशियात नेले आणि तळांवर उघड्यावर उभी असलेली बॉम्बर जाळली. त्यातलं टीयू-95 आता बनतच नाही. थोडी आणि महाग विमानं असली की प्रत्येक नुकसान भरून न येणारं ठरतं.

आपला हिशेब याहून अवघड आहे, कारण आपल्याकडे संख्याच नाही. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 निवृत्त झालं आणि हवाई दलाकडे 29 स्क्वॉड्रन उरल्या. मंजूर आहेत 42. तूट 13 स्क्वॉड्रनची. एका स्क्वॉड्रनला 18 विमानं धरली तर 234 विमानं कमी. 2016 मध्ये 36 राफेल सुमारे 59 हजार कोटींना घेतली, शस्त्रं, सुटे भाग आणि प्रशिक्षणासह एकेक 1,640 कोटी. चांद्रयान-3 ला 615 कोटी लागले होते, म्हणजे एका राफेलमध्ये अडीच चांद्रयानं. सगळी तूट राफेलने भरायची तर 3 लाख 84 हजार कोटी लागतील. सप्टेंबर 2025 मध्ये 97 तेजस मार्क-1ए चा 62,370 कोटींचा करार झाला. त्या भावाने तीच तूट दीड लाख कोटींत भरते. (वर्षं वेगळी, करारात काय-काय येतं तेही वेगळं, त्यामुळे ही तुलना ढोबळच.) अर्थात स्वस्त विमान हातात पडलं तरच स्वस्त. तेजसच्या 99 अमेरिकी इंजिनांचा करार 2021 चा, पहिलं इंजिन आलं मार्च 2025 मध्ये.

म्हणून माझं मत सरळ आहे. दार फोडायला महाग विमानं हवीत, पण मोजकी. रोजच्या गस्तीला आणि संख्येला तेजससारखी, भरपूर. एकाच विमानाने सगळं करावं हा हट्ट अमेरिकेला परवडला नाही, तर आपल्याला कुठून परवडणार?

या हिशेबाचं एक टोक नाशिकजवळच्या ओझरला आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा तिथला कारखाना 1964 मध्ये मिग-21 साठीच उभा राहिला. सुखोई-30 तिथे बनली, त्यांची मोठी दुरुस्ती आजही तिथेच होते, आणि 17 ऑक्टोबर 2025 ला तिथे बनलेलं पहिलं तेजस मार्क-1ए उडालं. विमान पूर्ण उघडून, तपासून, पुन्हा जोडणारे असे हात कमी पडले तर 1,640 कोटींचं विमानही तिरुअनंतपुरमसारखं नुसतं उभं राहील.

राफेलच्या करारात एक कलम होतं: ताफ्यातली किमान 75 टक्के विमानं उड्डाणाला तयार ठेवण्याची हमी. किमतीवरून संसदेत एवढं रण पेटलं, पण या कलमाबद्दल फारसं कुणी बोललं नाही. मार्च 2024 मध्ये आपण आपल्याच पाचव्या पिढीच्या एएमसीए विमानाच्या विकासासाठी 15 हजार कोटी मंजूर केले. त्याच्या खरेदीची वेळ येईल तेव्हा किमतीच्या शेजारी तीन आकडे छापून यायला हवेत: तासाचा उड्डाणखर्च, चाळीस वर्षांचं देखभालीचं बिल, आणि शंभरातली किती विमानं रोज सकाळी उडू शकतील.